आधी कुठे फाटतं ते पाहा

शिवणक्लासात नाव घातलं की पहिला धडा बहुधा झबल्याचा असतो. मग टोपडं, फ्रॉक, परकर असं करत गाडी शेवटी ब्लाउजवर येते. ज्याला अंगावरचे कपडे शिवायचे आहेत त्याच्यासाठी हा क्रम ठीकच आहे. पण बाजाराची पिशवी, पोळ्यांचा रुमाल, ओट्यावरचं फडकं, उशीचा अभ्रा, डाळी-कडधान्यांच्या थैल्या अशा धुऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तू ज्याला शिवायच्या आहेत, त्याने झबल्याच्या वाटेने का जावं? झबल्याला गळ्याची गोलाई असते, मुंढा असतो. घरातल्या या वस्तूंत एकही गोलाई नाही, सगळा कारभार चौकोनांचा आणि सरळ टिपेचा. गंमत अशी, की ज्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीला घरातून घालवायला माणूस सुई हातात घेतो, त्या पिशवीला बाजारात ‘झबला’ म्हणतात. दोन खांदे वर आलेले बाळाचं झबलंच जणू. तर हे झबलं आणि ते झबलं, दोन्ही बाजूला ठेवून घरच्या शिवणाचा वेगळा क्रम लावता येईल, आणि तो लावताना पहिला प्रश्न ‘काय शिवायचं?’ हा नसावा. घरातल्या वस्तू कुठे, कशाने आणि किती दिवसांत फाटतात, हे आधी पाहावं. शिकण्याचा क्रम त्यातूनच निघतो.

असं म्हणायला कारण आहे, आणि ते हिशोबाचं आहे. पुन्हा वापरायच्या वस्तूचं सगळं मोल ती किती वेळा वापरली जाते यावर ठरतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असं धरलं, तरी हवामानावरच्या परिणामात तिच्या बरोबरीला यायला नवी सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, असं त्यातून निघालं. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा 2018 चा अहवाल आणखी कडक आहे. तिथल्या दुकानांतल्या, नंतर कचऱ्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिक पिशवीशी तुलना करून त्याने नुसत्या हवामानासाठी 52 वेळा सांगितलं, पण सगळे निकष एकत्र धरले तर हा आकडा 7,100 वर नेला. त्याला मुख्य कारण ओझोनच्या थराला होणाऱ्या हानीचा निकष. हे आकडे दाखवून ‘मग कापडी पिशवीचं कौतुक कशाला?’ असं विचारणारे बरेच भेटतात. आक्षेप झटकण्यासारखा नाही. मात्र डॅनिश हिशोबात उघड्यावर पडलेल्या, गटारात अडकलेल्या पिशव्यांचा विचार केलेला नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिक किती होतं, ते मुंबईकरांना सांगावं लागत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही अहवालांतले हे आकडे नव्या कापडाचे आहेत.

नव्या कापडाला खर्च येतोच. जागतिक सरासरीने एक किलो सुती कापडामागे सुमारे 10,000 लिटर पाणी लागतं. त्या मापाने 70 ग्रॅमच्या पिशवीत 700 लिटर पाणी शिवलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बहुतेक कोरडवाहू, म्हणून त्यातलं बरंचसं पाणी पावसाचं, हे खरं. पण खत, फवारणी, सूतगिरणी, रंगाई यांचा बोजा राहतोच. जुन्या चादरीच्या बाबतीत हा सगळा खर्च कधीच होऊन गेलेला आहे. त्या चादरीची पिशवी केली तर तिच्या खात्यावर नवं ओझं फक्त दोऱ्याचं आणि धुण्याच्या पाण्याचं. म्हणून नवशिक्याने पहिले सहा महिने कापडाच्या दुकानाची पायरी चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवं कापड आणायचंच झालं तर ते घरातलं जुनं सुती संपल्यावर. आणि दुसरी गोष्ट: आठवड्यातून दोनदा बाजारात जाणारी पिशवी वर्षाला 104 वेळा वापरली जाते. 131 चा आकडा सव्वा वर्षात पार होतो, पण तोवर तिचा बंद तुटता कामा नये. टिकाऊपणा हा या कामात हौसेचा भाग नाही. सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

जुनं म्हणून कोणतंही कापड चालत नाही. उजेडाकडे धरून पाहिलं की चादरीचा मधला भाग जाळीसारखा विरळ दिसतो, कडेच्या पट्ट्या मात्र घट्ट असतात, कारण झोपणारा माणूस मधोमध झोपतो. मग दोन अंगठे जवळजवळ ठेवून कापड उभं आणि आडवं ताणून पाहावं. ‘टर्र’ असा आवाज आला तर ते फडक्याच्या लायकीचं, भार घेणाऱ्या पिशवीच्या नाही. पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच मुरला तर सुती, मोत्यासारखा वर बसला तर त्यात पॉलिएस्टर बरंच आहे. अशी साडी पिशवीला उत्तम, पण पुसायला आणि पोळ्या गुंडाळायला निरुपयोगी, आणि तापलेलं भांडं धरायला तर घातकच, कारण ती वितळते. जुनी सुती नऊवारी, धोतर, मांजरपाटाचे पडदे, पुरुषांचे सुती सदरे हा खरा ठेवा. सदऱ्याची कॉलर आणि कोपर झिजतात, पाठ शाबूत राहते. त्या पाठीत पोळ्यांचा एक रुमाल सहज बसतो. नवं मांजरपाट घेतलंच तर त्याची खळ जाईपर्यंत गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापावं. नाहीतर मापाने शिवलेली वस्तू पहिल्या धुण्यात आखडते आणि शिवणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

आता फाटण्याकडे येऊ. घरातली टाकायला काढलेली दहा-बारा कापडं जमिनीवर पसरली तर बहुतेक सगळी चार ठिकाणी गेलेली दिसतील. फडकी आणि रुमाल कडेला उसवतात. पिशव्या बंदाच्या जोडाशी तुटतात. त्यातूनही वाचल्या तर तळाच्या कोपऱ्यांत भोकं पडतात, कारण कांदे-बटाट्यांचं वजन आणि जमिनीवरचं घासणं दोन्ही तिथेच. अभ्रे आणि चादरी मधोमध झिजतात. कड, जोड, कोपरा आणि मध्य, घरच्या शिवणाचा अभ्यासक्रम एवढाच. पहिल्या तीन ठिकाणांना तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती शिकता येतात. चौथ्याला उत्तर म्हणजे कापड कधी सोडून द्यायचं हे ओळखणं. नक्षी, झालर, चेन, आतला कप्पा हे सगळं त्यानंतरचं. चेन लावलेली, अस्तर घातलेली देखणी पिशवी पहिल्याच महिन्यात शिवणारे उत्साही लोक असतात. त्या पिशवीचा बंद एकेरी टिपेवर लटकत असेल तर ती शोभेच्या खुंटीवरच राहणार.

कडेपासून सुरुवात करावी, म्हणजे फडक्यापासून. साध्या विणीच्या कापडाला कापलेली कड उघडी ठेवली की प्रत्येक धुण्यात एकेक धागा सुटत जातो. उपाय म्हणजे दुहेरी दुमड. आधी पाव इंच, मग अर्धा इंच, म्हणजे कापलेली कड आत कायमची बंद झाली. 18 इंचाचा चौरस रुमाल हवा तर चारही बाजूंना पाऊण-पाऊण इंच धरून साडेएकोणीस इंचाचा तुकडा घ्यावा. इथे नवशिक्याचा पहिला शत्रू भेटतो, तो म्हणजे वाकडी काप. कात्रीने सरळ कापायला हात बसावा लागतो. पण साध्या विणीचं सुती कापड फाडलं तर ते आपोआप धाग्याच्या रेषेत जातं. कडेला कात्रीने अर्धा इंच चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडायचं. कापडवाले मांजरपाट असंच देतात ते काही आळसाने नाही. दुसरी युक्ती इस्त्रीची. दुमड आधी इस्त्रीने पक्की बसवली की शिवताना बोटांना नुसतं तिच्या मागे जायचं असतं. इस्त्री टाळणाऱ्यांच्या रुमालाचे कोपरे नेहमी कुत्र्याच्या कानासारखे दिसतात. कोपऱ्यात कापडाचे खूप थर येतात, तिथे आधी टोकाचा छोटा त्रिकोण कापून टाकावा आणि मग दुमडावं. अशी सहा फडकी शिवेपर्यंत पिशवीचं नाव काढू नये. फडकं वाकडं झालं तरी ते पुसतंच. शिकण्यासाठी याहून सोयीची वस्तू नाही.

‘पण आमच्याकडे मशीन नाही’ हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात लंगडा आहे. गोधडी ज्या घरात होती त्या घरात मशीन होतंच असं नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी वर्षानुवर्षं टिकते, कारण तिच्यावरचा ताण शेकडो टाक्यांत वाटला जातो. हाच धावदोरा पिशवीच्या बंदाला मात्र चालत नाही. तिथे सगळा भार दोन इंचांत येतो, आणि धावदोऱ्याचा दोरा एका जागी तुटला की रांगच्या रांग सुटत जाते. तिथे उलटी टीप हवी. सुई एक टाका पुढे काढायची, अर्धा टाका मागे घालायची. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यावर चढतो, म्हणून एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. दोन टाके येत असले की घर चालतं. फडक्याला धावदोरा, भाराला उलटी टीप. दोरा दुहेरी घ्यावा आणि हातभरच, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला सुती दोरा झटका देऊन पाहावा. तुटला तर कितीही सुंदर रंगाचा असो, टाकून द्यावा. पॉलिएस्टरचा दोरा वापरला म्हणजे प्लास्टिक घरात आलं, असं म्हणणारे काटेकोर लोकही आहेत. त्यांचं चूक नाही, पण दीड-दोन ग्रॅम दोऱ्यामुळे पिशवीचं आयुष्य वाढत असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. कापड शेवटी मातीत घालताना दोरा ओढून काढता येतो.

मशीन असेल तर अर्थात काम भराभर होतं, पण ते बिघडलं आहे अशी तक्रार करण्याआधी त्याची रीत समजून घ्यावी. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात तेव्हा टीप बसते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर नवशिका बॉबिन उलटसुलट करत बसतो. दोष बहुतेक वेळा वर असतो. दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. टाके मध्येच सुटत असतील तर सुई बोथट आहे किंवा उलटी बसली आहे. मलमल-वॉइलला 11-12 नंबरची, चादरीच्या कापडाला 14 नंबरची, चार थरांना 16 ची आणि जुन्या जीन्सला 18 ची सुई, एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या सुया तुटायच्या वाचतात. उरलेल्या निम्म्या कापड ओढल्याने तुटतात. कापड पुढे न्यायला खाली दाते आहेत, आपण फक्त दिशा द्यायची. सरावाला रेघी वहीचा कागद घ्यावा, दोरा न ओवता, जुनी सुई लावून, रेघेवर भोकं पाडत जावं. पायमशीनवर पायाचा आणि हाताचा ताल जमेपर्यंत चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो, त्याला हाच उपाय. टाका अडीच मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला साधारण दहा. याहून बारीक टाका घातला तर जास्त पक्का होईल ही समजूत जाड कापडाच्या बाबतीत उलटी पडते, सुईच्या भोकांची रांग कापडालाच कमजोर करते.

फडकी झाली, आता पिशवी. 14 इंच रुंद आणि 16 इंच खोल पिशवी भाजीला पुरते. तिच्यासाठी सव्वापंधरा इंच रुंद आणि 35 इंच लांब एकच पट्टी घ्यावी. तळाशी शिवण येतच नाही, पट्टी नुसती दुमडली जाते, त्यामुळे तळाला उसवायला काही उरत नाही. बाजूंची शिवण दोनदा घालायची. आधी उलट्या बाजू आत, म्हणजे सुलटी बाजू बाहेर ठेवून कडेपासून पाव इंचावर टीप. कडेचे लोंबणारे धागे कापून पिशवी उलटवायची, आणि आता कडेपासून तीन अष्टमांश इंचावर दुसरी टीप. कापलेली कड दोन टिपांच्या मध्ये कायमची कोंडली जाते. ओव्हरलॉकच्या मशीनची गरज नाही, आणि आतून पिशवी बाहेरच्या इतकीच स्वच्छ दिसते. तोंडाला आधी अर्धा आणि मग एक इंचाची दुमड. तळाचा कोपरा वाचवायचा तर पिशवी उलटी असतानाच कोपरा चिमटीत धरून त्याचा त्रिकोण करावा आणि त्रिकोणाच्या टोकापासून दीड इंचावर आडवी टीप मारावी. तिथे टीप तीन इंच लांब येते, तेवढा तळ सपाट होतो आणि वजन दोन टोकांत न साठता पसरतं. यात खोली दीड इंचाने कमी होते, हे आधी धरावं.

बंदाशी मात्र घाई करू नये, सगळा जीव तिथे आहे. 4 इंच रुंद, 24 इंच लांब अशा दोन पट्ट्या, खांद्यावर अडकवायची असेल तर 30 इंच लांब. पट्ट्या कापडाच्या किनारीला समांतर, उभ्या धाग्यात कापाव्यात. तिरक्या, म्हणजे उरेब कापलेल्या पट्टीत कापड ताणतं, आणि ओल्या पालेभाजीच्या वजनाने बंद गुडघ्यापर्यंत येतो. उरेब पट्टी गळ्याच्या पायपिनला चांगली, बंदाला नाही. दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आणून पुन्हा दुमडल्या की चार थरांचा एक इंचाचा बंद होतो. तो दोन्ही कडांनी शिवावा. पिशवीच्या बाजूपासून साडेतीन इंच सोडून बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीवर दीड इंच खाली आणावं, आणि तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी. भार एका आडव्या टिपेवर न येता सहा रेषांत वाटला जातो. कापड जरा विरळ असेल तर मागून जीन्सचा छोटा तुकडा धरून मग चौकोन मारावा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे घेऊन टीप बंद केली नाही तर ही सगळी मेहनत पहिल्याच किलोभर बटाट्याला सुटते. पिशवी झाली की तिच्यात पाच किलो तांदूळ भरून ती रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवावी. जोड कमजोर असेल तर तो घरातच कळतो, भर रस्त्यात नाही.

अभ्रे आणि थैल्या यानंतर अवघड राहत नाहीत. बाजारातली उशी बहुधा 17 बाय 27 इंचांची असते. तिच्या अभ्र्याला बटण-नाडी नको. एका टोकाला सात इंचांची जास्तीची घडी आत वळवली की पाकिटासारखं तोंड होतं आणि उशी बाहेर येत नाही. कोथिंबीर-पालकासाठी मलमलची नाडीची थैली करावी. तोंडाला एक इंचाचा नेफा, त्यातून दोन बाजूंनी दोन नाड्या. अशी थैली दहा-पंधरा ग्रॅमची होते, त्यामुळे भाजीवाल्याच्या काट्यावर तिच्यावरून वाद होत नाही. इथेच एक सांगून ठेवतो: पिशव्यांना अस्तर लावू नये. कोकणात आणि मुंबईत चार महिने जाड कापड वाळत नाही, अस्तराच्या आत ओल राहते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. एकेरी कापड अर्ध्या दिवसात पंख्याखाली वाळतं.

स्वच्छतेचा आक्षेपही याच ओघात येतो. अमेरिकेत ऍरिझोना आणि लोमा लिंडा विद्यापीठांच्या संशोधकांनी लोकांच्या पिशव्या तपासल्या तेव्हा त्यांत जिवाणू भरपूर सापडले, आणि हा निष्कर्ष कापडी पिशवीच्या विरोधात मोठ्याने वाजवला गेला. त्या अभ्यासाला पैसा रसायन-उद्योगाच्या संघटनेचा होता, हे बाजूला ठेवू. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो: पिशवी हाताने किंवा मशीनमध्ये धुतली की 99.9 टक्क्यांहून जास्त जिवाणू जातात. म्हणजे प्रश्न कापडाचा नाही, न धुण्याचा आहे. मासळी-मटणाची पिशवी वेगळ्या रंगाची ठेवावी, ती दुसऱ्या कशालाही वापरू नये. बाकीच्या पिशव्या चादरींबरोबर धुण्यात टाकाव्यात.

‘वीस-तीस रुपयांत पिशवी मिळते, त्यासाठी तीन तास कोण घालवणार?’ यावर प्रामाणिक उत्तर असं, की पैशाच्या हिशोबात घरची पिशवी हरते. पहिल्या पिशवीला तीन तास लागतात, दहाव्या पिशवीलाही पाऊण तास लागेल. पण स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच ‘कापडी’ पिशव्या कापडाच्या नसतात. हाताला कापडासारखी लागणारी, ठिपक्या-ठिपक्यांनी दाबलेली नॉन-वोव्हन पिशवी ही पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा तिच्यात याही पिशव्या धरल्या होत्या. धागा ओढून पाहिला की भेद कळतो: विणलेल्या कापडातून धागा निघतो, या पिशवीतून नुसते तंतू निघतात. आणि समजा खरीच सुती पिशवी तीस रुपयांत मिळाली, तरी तिचा बंद तुटला की विकत घेणारा दुसरी घेतो, शिवता येणारा त्याच पिशवीला पाच मिनिटांत चौकोन-फुली मारतो. 131 चा आकडा गाठणारी पिशवी बहुधा मध्ये एकदा तरी दुरुस्त झालेली असते. म्हणून शिकण्याचा खरा उपयोग नव्या वस्तूत कमी आणि जुनी वाचवण्यात जास्त आहे. ज्याच्या घरात जुनं कापडच नाही त्याने खुशाल चांगली सुती पिशवी विकत घ्यावी आणि उलटी टीप तेवढी शिकावी.

एका आक्षेपाला मात्र मी वजन देतो. प्लास्टिक नको, पिशव्या घरी शिवा, फडकी धुवा, कागदी रुमाल बंद करा, हे सगळं बोलायला सोपं असतं आणि त्याचं काम गुपचूप घरातल्या बाईच्या दिनक्रमात जाऊन बसतं. पर्यावरणाचा हिशोब जुळतो, तिच्या वेळेचा कोणी मांडत नाही. यात एक विसंगती जुनीच आहे. आपल्याकडे पेठेतल्या दुकानात मशीनवर बसलेला बहुधा पुरुषच असतो. संत नामदेव शिंपी होते, त्यांच्या हातात सुई-कात्री होती याचं कोणाला नवल वाटत नाही. पैसे मिळतात तेव्हा शिवण पुरुषाचा धंदा, फुकट करायचं तेव्हा बायकांची कला. तेव्हा घरात शिकायला बसवायचं तर आधी मुलग्यांना बसवावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चौकोन-फुलीतली भूमिती आणि ताण कसा वाटला जातो हे यांत्रिक कोडं आवडतं. त्याला ते ‘शिवण’ म्हणून न सांगता बंद तुटलेली त्याचीच शाळेची पिशवी हातात द्यावी. आणि धुणं-वाळवणं ज्याच्या वाट्याला येणार त्याला विचारूनच घरात किती फडकी ठेवायची ते ठरवावं.

किती शिवायचं यालाही मर्यादा आहे. शिकायच्या उत्साहात वीस पिशव्या शिवणाऱ्या घरात प्रत्येक पिशवी वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर पडते, म्हणजे पुन्हा तोच तोट्याचा हिशोब. चौघांच्या घराला बाजाराच्या चार पिशव्या, मासळीची एक, थैल्या सहा, पोळ्यांचे रुमाल तीन आणि फडकी डझनभर पुरतात. चारपैकी एक पिशवी गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत राहिली पाहिजे. घरी विसरलेली पिशवी कितीही मजबूत असली तरी दुकानात नवीनच घ्यावी लागते. बॅगेतल्या पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला हातभर नाडी शिवून ठेवली की ती गुंडाळून मुठीएवढी होते. पुढे ती पिशवी मधोमध विरळ झाली, उजेडाकडे धरल्यावर जाळी दिसू लागली, तर ठिगळ लावत बसू नये. बंद उसवून वेगळे काढावेत, ते अजून चार थरांचे धडधाकट असतात. अंग फाडून त्याची दोन फडकी करावीत, आणि बंद पुढच्या पिशवीसाठी डब्यात टाकावेत.